देवळांच्या जीर्णोद्धाराची तिकिटं जमवताय? मग आधी घरातल्या जुन्या पाकिटांचं लॅमिनेशन थांबवा

सोलापूर, नवी पेठ : मार्केट यार्डात कांदा विकला, पट्टी खिशात घातली आणि सरळ नवी पेठेत आलो. कपडे घ्यायचे नव्हते, मोबाईलही दुरुस्त करायचा नव्हता. पिशवीत वडिलांनी जमवलेली टपालाची पाकिटं होती आणि ती विकायची का ठेवायची, हे विचारायचं होतं.

वडील आमच्या गावच्या शाखा डाकघरात कामाला होते. तेव्हा ईडी म्हणायचे, आता ग्रामीण डाक सेवक म्हणतात. पगार नावापुरता. तरी सोलापूरला गेले की नव्या तिकिटाचं एखादं पाकीट घेऊन यायचे. संत, देऊळ, मूर्ती असं काही असलं की हमखास. आई म्हणायची, "ह्या कागदांनी चूल पेटंल का?" वडील हसून पाकीट ट्रंकेत ठेवायचे. ते गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली.

मागच्या महिन्यात व्हॉट्सअॅपवर एक मेसेज आला. देवादिकांचं जुनं टपाल तिकीट असेल तर पाच लाख रुपये मिळतील, फोटो पाठवा. मी पाठवला. पलीकडून लगेच उत्तर आलं, तुमचं तिकीट पास झालं, नोंदणीचे अकराशे पन्नास रुपये भरा. बातमीदार असूनही माझा अंगठा क्यूआर कोडपर्यंत गेला होता, हे कबूल करतो. ठिबकची उधारी डोक्यावर होती. सातवीतल्या मुलीने विचारलं, "पप्पा, पाच लाख देणारा माणूस आपल्याकडूनच पैसे कशाला मागतोय?" तिथं हात थांबला.

मग नवी पेठेत एका दुकानाच्या माडीवर राहणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा पत्ता मिळाला. चाळीस वर्षं तिकिटं जमवतात. नाव छापू नको म्हणाले, म्हणून आपण त्यांना काकाच म्हणू. त्यांनी चष्मा बदलला, चिमटा घेतला आणि माझ्या पिशवीतलं पहिलं पाकीट बघूनच विचारलं, "हे कुणी केलं?"

ते अहिल्यादेवी होळकरांचं १९९६ चं पाकीट होतं. त्याच्याबरोबर संत ज्ञानेश्वरांचं १९९७ चं आणि गाडगेबाबांचं १९९८ चं. गेल्या पावसाळ्यात ओल येऊ नये म्हणून तिन्ही मीच तालुक्याच्या गावात एका झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केली होती. आपल्याकडे मार्कशीट, आधार, लग्नातला फोटो, दिसेल त्याला लॅमिनेशन करायची सवय. काका म्हणाले, "दादा, आता हे पाकीट राहिलं नाही. पाकिटाचा फोटो झाला."

पहिल्या दिवसाचं पाकीट म्हणजे काय

टपाल तिकीट दोन प्रकारचं. एक रोजच्या वापराचं, जे वर्षानुवर्षं छापत राहतात. दुसरं स्मारक तिकीट, म्हणजे एखादी व्यक्ती, घटना, वास्तू यांच्या आठवणीसाठी काढलेलं. हे एकदा ठरलेल्या संख्येत छापतात, संपलं की संपलं, सहसा पुन्हा छापत नाहीत.

स्मारक तिकीट ज्या दिवशी निघतं त्याच दिवशी टपाल खातं खास चित्राचं पाकीट काढतं. त्यावर ते नवं तिकीट चिकटवलेलं असतं आणि त्यावर त्याच तारखेचा खास शिक्का मारलेला असतो. हे प्रथम दिवस आवरण. बोलताना सगळे फर्स्ट डे कव्हरच म्हणतात. तिकीट, चित्र आणि तारखेचा शिक्का, तिन्ही एकत्र असतात म्हणून त्याला मोल. सोबत एक माहितीपत्रक मिळतं. त्यात तिकिटाचा विषय, छपाई कुठं झाली, किती प्रती छापल्या हे सगळं दिलेलं असतं. माझ्या वडिलांनी पाकिटं ठेवली, माहितीपत्रकं मात्र आम्ही लहानपणी विमानं करून उडवली.

विशेष आवरण वेगळं. त्यात नवं तिकीट निघत नाही. एखादं गाव, देऊळ, यात्रा, पीक, कारागिरी यावर राज्याचं टपाल मंडळ खास पाकीट आणि खास शिक्का काढतं, तिकीट आधीचंच लावतात. त्यासाठी संस्थेने टपाल खात्याकडे अर्ज करून ठरलेला खर्च भरायचा असतो. म्हणजे ग्रामपंचायत, शाळा, देवस्थान कुणीही पुढाकार घेऊ शकतं.

तिसरा प्रकार 'माय स्टॅम्प'. पैसे भरून आपला फोटो किंवा आपल्या संस्थेचं चित्र तिकिटाच्या शेजारी छापून घेता येतं. बारा तिकिटांचा ताव तीनशे रुपयांना, असा त्याचा दर ठरलेला. हे लक्षात ठेवा, कारण असला ताव देवाचा फोटो टाकून छापून घेतात आणि 'सरकारने काढलेलं दुर्मीळ तिकीट' म्हणून यात्रेत विकतात. फसवणूक फोटोत नसते, 'दुर्मीळ' ह्या शब्दात असते.

लाख, सरस आणि लॅमिनेशन

लॅमिनेशनने नेमकं काय बिघडलं, ते काकांनी उजेडात धरून दाखवलं. गरम रुळातून प्लास्टिक दाबून बसवतात, तेव्हा प्लास्टिकच्या आतला गोंद कागदात मुरतो. तिकिटामागचा मूळ गोंद वितळतो. कागदात जी थोडी ओल असते ती आत कोंडते. माझ्या ज्ञानेश्वरांच्या पाकिटाच्या कडेला तपकिरी पट्टा आलाय आणि शिक्क्याच्या बाजूला फुगा धरलाय. मी विचारलं, ब्लेडने सोडवू का? म्हणाले, "अजिबात नको. आता जे आहे ते आहे. सोडवायला गेलास तर शिक्का प्लास्टिकबरोबर निघून येईल."

मग त्यांनी अजिंठ्याची गोष्ट सांगितली. ही गोष्ट खरी आहे आणि पुस्तकांतून नोंदलेली आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या हद्दीत होतं. लेण्यांतली चित्रं सुटून पडत होती म्हणून १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पक्का केला. ते काम चांगलं झालं, त्यामुळे कितीतरी चित्रं वाचली. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं व्हार्निशही दिलं. सुरुवातीला रंग झळकले. पुढं तेच व्हार्निश पिवळं पडत गेलं, त्यावर धूळ आणि काजळी बसली, आणि खालचे निळे-हिरवे रंग मातकट दिसू लागले. नंतरच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ते व्हार्निश इंच-इंच करत काढत बसावं लागलं.

व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचंही तेच. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात तिथलं छत रंगवलं. शेकडो वर्षं मेणबत्त्यांचा धूर बसला. मधल्या काळातल्या दुरुस्ती करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून वरून सरस फासला, तोही काळा पडला. १९८० पासून १९९४ पर्यंत हे सगळं साफ करण्याचं काम चाललं. पैसा जपानच्या एका टीव्ही कंपनीने दिला. काम झाल्यावर रंग इतके उजळ निघाले की काही जाणकार म्हणाले, मूळ चित्रकाराचा हातसुद्धा पुसला गेला. तो वाद अजून संपलेला नाही. व्हॅटिकन म्हणजे आपल्या एखाद्या लहान गावाच्या शिवाराएवढा देश, पण त्याचं स्वतःचं टपाल खातं आहे. त्याने या कामावर १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९४ मध्ये तिकिटं काढली. काकांच्या वहीत त्यांतली काही आहेत. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत ते रंग बघितले की आपलं डोळ्यांचं काम वाढतं.

काका म्हणाले, "जीर्णोद्धाराचा पहिला नियम, जे केलं ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे. तुझं लॅमिनेशन काढता येत नाही." मी गप्प बसलो. चहा आला.

आपल्या भागातून सुरू होणारा संग्रह

तिकिटं जमवायची तर एक विषय धरावा, नाहीतर नुसता कचरा साठतो, असं काकांचं म्हणणं. त्यांचा एक आल्बम फक्त देवळं, लेणी, मूर्ती आणि त्यांची डागडुजी यावरचा आहे. हा विषय सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला परका नाही.

अहिल्यादेवींपासूनच घ्या. काशी विश्वनाथ, सोमनाथ, वेरूळजवळचं घृष्णेश्वर, कुठं नवं मंदिर, कुठं घाट, कुठं बारव, कुठं धर्मशाळा. जीर्णोद्धार या शब्दाला देशभर ज्यांनी अर्थ दिला, त्यांच्या नावाने आज आपलं सोलापूर विद्यापीठ आहे. त्यांचं तिकीट २५ ऑगस्ट १९९६ ला निघालं, दोन रुपयांचं. पुढं त्रिशताब्दीला, ३१ मे २०२५ रोजी भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पुन्हा एक तिकीट आणि तीनशे रुपयांचं नाणं निघालं. ही दोन तिकिटं शेजारी लावली तरी संग्रहाचं पहिलं पान तयार होतं.

दुसरं पान विजापूरचं. १५ ऑगस्ट १९४९ ला स्वतंत्र भारताने पुरातन वास्तूंची मोठी मालिका काढली, नाशिकच्या छापखान्यात छापलेली. पैशाची जुनी मोजदाद होती, आणे आणि पै. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्यातला हत्ती, सहा पैवर कोणार्कचा घोडा, नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती, आणि सहा आण्यांच्या तिकिटावर आपल्या सोलापूरपासून शंभर किलोमीटरवरचा गोल घुमट. आपण सहलीला जाऊन तिथं घुमटात ओरडून आलोय, पण त्याचं तिकीट आहे हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही. कोणार्कचंही एक सांगण्यासारखं आहे. तिथला सभामंडप कोसळू नये म्हणून १९०३ साली इंग्रजांच्या काळात तो आतून वाळू आणि दगडांनी भरून चारही दारं बुजवली. वाचवण्यासाठी बंद केलेलं देऊळ!

याच मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती आहे. छापताना चित्र उलटं झालं, आरशात दिसतं तसं, डावं-उजवं बदललं. चूक ध्यानात आल्यावर १९५० च्या जुलैमध्ये सुधारून पुन्हा छापलं. म्हणजे तिकिटाचाच जीर्णोद्धार झाला म्हणा ना. हात कुठल्या बाजूला पसरलाय ते बघून संग्राहक दोन्ही ओळखतात. मी भिंग घेऊन बघितलं, मलाही कळलं.

पंढरपूरचं तर विचारायलाच नको. विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनासाठी शासनाने ७३ कोटी ८५ लाखांचा आराखडा मंजूर केला. मार्च २०२४ च्या मध्यावर पदस्पर्श दर्शन बंद झालं, ते २ जूनला पुन्हा सुरू झालं. त्या काळात गाभाऱ्यातली चांदी आणि मागाहून बसवलेल्या फरश्या काढल्या, आणि आतला मूळ दगड उघडा झाला. मे महिन्याच्या शेवटाला हनुमान दरवाजाजवळ तळघर सापडलं, त्यात जुन्या मूर्ती निघाल्या. आम्ही बातमीदार तेव्हा रात्रभर फोनवर होतो. मूर्तीला वज्रलेप करावा का, कुठला करावा, ह्यावरची चर्चा तर आपल्या भागात चहाच्या टपरीवरसुद्धा होते. लेप हा शब्द ऐकला की मला आता लाखेचं व्हार्निश आठवतं. तज्ज्ञ लोक करतात तेव्हा ते विचार करूनच करतात, पण प्रश्न विचारायचा हक्क भक्ताला आहेच.

ह्या कामाच्या जोडीला संतांची तिकिटं लावता येतात. संत नामदेवांचं वीस पैशांचं तिकीट १९७० ला निघालं, त्यांच्या जन्माला सातशे वर्षं झाली तेव्हा. ज्यांच्या नावाची पायरी मंदिराच्या दारात आहे, त्यांचं तिकीट पंढरपूरच्या पानावर पहिलं हवं. मग ज्ञानेश्वर १९९७, गाडगेबाबा १९९८, तुकाराम २००२, एकनाथ २००३. गाडगेबाबांनी देऊळ बांधलं नाही, पंढरपुरात धर्मशाळा बांधली. त्यांना ह्या आल्बममध्ये ठेवावं का, यावर माझा आणि काकांचा मतभेद झाला. मी म्हणतो, ठेवावं.

पळसदेव आणि आबू सिंबेल

उजनी मायनसमध्ये गेली की पाण्यातून एक देऊळ वर येतं, हे भीमाकाठच्या सगळ्यांना माहीत आहे. इंदापूर तालुक्यातलं जुन्या पळसदेवचं ते मंदिर. धरण झालं, गाव वर सरकलं, देऊळ पाण्यात राहिलं. उन्हाळ्यात लोक होडीने जाऊन बघतात, फोटो काढतात, पावसाळा आला की पुन्हा पाणी चढतं.

इजिप्तमध्ये हाच प्रसंग आला होता. नाईल नदीवर आस्वानचं मोठं धरण होणार होतं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची आबू सिंबेलची डोंगरात कोरलेली मंदिरं बुडणार होती. मार्च १९६० मध्ये युनेस्कोने जगाला हाक दिली. १९६४ ते १९६८ या चार वर्षांत ती मंदिरं करवतीने कापून, एकेक टनावारी ठोकळा नंबर घालून, पासष्ट मीटर उंचावर नेऊन पुन्हा जोडली. त्या मोहिमेला पाठिंबा म्हणून कितीतरी देशांनी टपाल तिकिटं काढली. ज्यांचा नाईलशी काही संबंध नाही अशा देशांनीसुद्धा. काकांच्या आल्बममधला सगळ्यात भरलेला भाग हाच आहे. त्यातलं एकेक तिकीट बघताना मला सारखं पळसदेव दिसत होतं. धरणाचं पाणी मी पितो, माझं डाळिंब त्याच पाण्यावर आहे, त्यामुळं तक्रार करायला तोंड नाही. पण त्या देवळाचं एक विशेष आवरण तरी निघावं असं वाटतं.

इंडोनेशियाने तर तिकिटातून पैसेच उभे केले. तिथं बोरोबुदुर नावाचा प्रचंड बौद्ध स्तूप आहे. पावसाचं पाणी आत मुरून तो खचत होता. १९६८ साली त्यांनी तो वाचवण्यासाठी तिकिटं काढली, टपालाच्या दरापेक्षा थोडे जास्त पैसे घेऊन. वरचा पैसा जीर्णोद्धाराला. आपल्याकडच्या जुन्या लोकांना १९७१ ची 'रेफ्युजी रिलीफ' शिक्का मारलेली पाच पैशांची तिकिटं आठवत असतील, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर जादा लावावी लागायची, तोच प्रकार. पुढं युनेस्कोच्या मदतीने बोरोबुदुरचे दगड उतरवून, आत पाणी जायला नाल्या काढून ते पुन्हा रचले. फेब्रुवारी १९८३ मध्ये काम पूर्ण झाल्याचा सोहळा झाला. शेताला चर काढल्याशिवाय पाणी निघत नाही, हे देवळालाही लागू.

आल्बमचं शेवटचं पान काका लवकर उलटतात. अफगाणिस्तानची जुनी तिकिटं. बामियानच्या डोंगरातल्या उंच बुद्धमूर्ती त्यावर आहेत. १९६९ ते १९७७ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याच्या पथकाने तिथं जाऊन त्या मूर्तींची डागडुजी केली होती. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या सुरुंग लावून उडवल्या. तिकिटावरची मूर्ती तेवढी राहिली.

किंमत किती? खरं ऐका

आता पैशाचं. माझ्या तीन पाकिटांबद्दल काका म्हणाले, लॅमिनेशन नसतं तर पन्नास-शंभर रुपये, हौशी गिऱ्हाईक भेटलं तर थोडे जास्त. आता काहीच नाही. पाच लाख सोडा, पाचशेसुद्धा नाही. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक स्मारक तिकिटं लाखांच्या संख्येत छापलेली आहेत, त्यामुळं जुनं आहे म्हणून महाग आहे असं होत नाही.

खरोखर महाग कसं असतं तेही ऐका. १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यातलं दहा रुपयांचं तिकीट सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' असा शिक्का छापून फक्त शंभर प्रतींत काढलं. त्यातल्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ती महाग आहे कारण शंभरच होती आणि कुणाकडं कशी गेली ह्याची नोंद आहे. आपल्या ट्रंकेत ते असण्याची आशा धरू नका.

जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने फी, कर, कमिशन आगाऊ मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे. तिकिटांच्या नावाने तेच टोळकं फिरतंय. विकत घेणारा तुमच्याकडून आधी पैसे मागत नाही, एवढं डोक्यात ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ह्या नंबरवर तक्रार करा, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

मुलांसाठी वर्षाला सहा हजार

हे मला माहीत नव्हतं, म्हणून ठळक लिहितो. टपाल खात्याची दीनदयाल स्पर्श नावाची शिष्यवृत्ती आहे, २०१७ पासून. सहावी ते नववीच्या मुलांना महिन्याला पाचशे, म्हणजे वर्षाला सहा हजार रुपये. देशभरात ९२० मुलांना मिळते. अटी अशा : शाळेत तिकीट संग्रहाचा क्लब असावा आणि मूल त्याचं सदस्य असावं, क्लब नसेल तर मुलाच्या नावावर टपाल खात्यात फिलाटेली डिपॉझिट खातं असलं तरी चालतं. आधीच्या परीक्षेत ६० टक्के गुण हवेत, एससी-एसटीच्या मुलांना पाच टक्क्यांची सवलत. मग तिकिटांवर एक प्रश्नमंजुषा आणि एक प्रकल्प. आपल्या किती झेडपी शाळांतून अर्ज गेलेत, मुख्याध्यापकांना विचारून बघा. जागा थोड्या आहेत, पण अर्जच न करणाऱ्याला त्या नाहीतच.

ते डिपॉझिट खातं म्हणजे साधं. कमीत कमी दोनशे रुपये भरायचे, कोणती तिकिटं, किती, पहिल्या दिवसाची पाकिटं हवीत का, माहितीपत्रक हवं का, ते फॉर्मवर लिहून द्यायचं. नवं तिकीट निघालं की पोस्टमन घरी आणून देतो, खात्यातून पैसे वजा होतात. फॉर्म मुख्य टपाल कार्यालयात मागायचा. गावाकडच्या माणसाला हे सगळ्यात सोयीचं, कारण दर तिकिटाला सोलापूरच्या खेपा कोण घालणार?

घरी जुनं काही असेल तर एवढं करा. पहिल्या दिवसाच्या पाकिटावरचं तिकीट कधीही काढू नका, पाण्यात तर नाहीच. साध्या पत्रावरचं वापरलेलं तिकीट हवं असेल तर कडेने कागद ठेवून कापा, साध्या पाण्यात भिजवा, आपोआप सुटलं की पांढऱ्या कोऱ्या कागदावर वाळत टाका. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. हाताने धरू नका, चिमटा वापरा. फेविकॉल, सेलोटेप, स्टेपलर लांब ठेवा. पाकिटं ठेवायला बटर पेपरसारखी दिसणारी ग्लासीनची पाकिटं मिळतात, ती घ्या. वास येणारं स्वस्त प्लास्टिक नको, त्यातलं रसायन कागदाला धरतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलंत तर कागद कुरकुरीत होईल. खालच्या खोलीतलं कपाट बरं, भिंतीपासून चार बोटं सोडून. आमच्या आईने ट्रंकेत कडुलिंबाचा पाला टाकला होता, त्याचे डाग एका पाकिटावर आहेत. पाला टाकायचाच तर फडक्यात बांधून टाका. आणि वर्षातून दोनदा उघडून वारा द्या, धान्याला देता तसा.

संध्याकाळी पाचला माडीवरून खाली उतरलो. नवी पेठेत दिवे लागले होते. एका स्टेशनरीच्या दुकानात चिमटा आणि जाड पानांची वही मिळाली, ग्लासीनची पाकिटं काकांनी स्वतःजवळची दहा दिली, पैसे घेतले नाहीत. बदल्यात एक काम सांगितलं : पळसदेवचं देऊळ ह्या उन्हाळ्यात पाण्याबाहेर आलं की चारही बाजूंनी फोटो काढून आणायचे. विशेष आवरणाचा अर्ज कसा करायचा ते ते सांगणार आहेत.

मुलीचं खातं उघडलं, दोनशे रुपये भरून. लॅमिनेशन केलेली तीन पाकिटं फेकली नाहीत. वहीच्या शेवटच्या पानात ठेवली आहेत आणि खाली तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'आजोबांची. सोडवायला जाऊ नये.'